मानस

फॉर्मवर चौकोन आठ
आणि मुदत आज रात्री बारापर्यंत.
फर्मागुडीची टेकडी कुंभारजुव्यातून दिसत नाही,
तरी घरातला जो तो आज तिच्याकडे तोंड करून बोलतोय.

काकी म्हणते, कॉम्प्युटर. विषय संपला.
तिचा यतीन बेंगळुरूत, लग्नाआधीच फ्लॅट.
शेजारचे रुद्रेशबाब वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत,
ते म्हणतात, इलेक्ट्रिकल घे गो,
गोळ्या बनवायलाही वीज लागते
आणि लोक आजारी पडायचे काही थांबत नाहीत.
शिकवणीच्या सरांकडे तर तक्ताच:
कुठली शाखा कितव्या क्रमांकावर भरली,
कुणाला किती लाख.
सिव्हिल खालून दुसरी.
तिच्यावरून सरांचं बोट
ताटातला कढीपत्ता बाजूला सारावा तसं गेलं.

बाबा काही बोलत नाहीत.
बाबा बार्जींचे फिटर.
खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जी नदीत उभ्या राहिल्या,
काही अजून उभ्याच,
एकीच्या पोटात पावसाचं पाणी साचून बेडूक झालेत.
बाबा आता पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटर दुरुस्त करतात.
ग्रीस तेच, नखंही तीच.

संध्याकाळी गुरुदासमामा आला.
घराण्यातला पहिला इंजिनीयर. मायनिंग.
त्याने शाखा निवडली तेव्हा सावर्ड्याला ट्रकांची शेपटी संपत नव्हती,
अंगणातल्या लाल धुळीला कुणी धूळ म्हणत नव्हतं.
त्याचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला
आणि त्या पावसाळ्यानंतर खाणी उघडल्याच नाहीत.
आता मांडवीतल्या एका कॅसिनोवर, कॅमेऱ्यांच्या खोलीत,
रात्रभर लोकांचे हात बघतो,
कोण कशावर लावतंय.

मला वाटलं, हा तरी नेमकं सांगेल.
म्हणाला, "चाक थांबेपर्यंत सगळेच हुशार दिसतात, प्रचिती."
आणि चहात पाव बुडवत राहिला.

मराठीच्या बाईंनी निरोपाच्या दिवशी विचारलं होतं,
"पुढे काय मानस आहे तुझा?"
मी हसले होते.
बाईंचा तो मानस. आमची ती मानस:
मट्टीच्या लाकडाची, बांधाच्या पोटात बसवलेली,
भरतीला आपली आपण मिटणारी,
ओहोटीला आपली आपण उघडणारी.
मोटर नाही, वायर नाही.
खारं पाणी बाहेर, कोरगूट आत.
पहिली कुणी बसवली, त्याला पॅकेज काय होतं,
गावात कुणालाच ठाऊक नाही.

चहा संपल्यावर मामा म्हणाला, चल बांधावर.
भरती चढत होती. झडप मिटलेली,
पण एक फळी कुजून फट पडलेली
आणि जुझे त्यात चिखल-पेंढा कोंबत
कुणाला तरी शिव्या घालत होता.
मामा पँट दुमडून उतरला, फटीला तळवा लावला.
"गळतेय."
"किती?" मी विचारलं.

तो वळून बघत राहिला.
कॅमेऱ्यांच्या खोलीत हा प्रश्न त्याला कुणी विचारत नसणार.

मग मी चरात फणसाचं पान टाकलं,
त्याने आकडे मोजले.
पुन्हा पान, पुन्हा आकडे.
जुझेच्या काठीने खोली घेतली, माझ्या वितीने रुंदी.
गुणाकार मामाने बांधाच्या ओल्या मातीत केला,
हातचा एक विसरला, मी सांगितला,
आणि तो असा हसला
की जुझेने काठी परत मागायची राहून गेली.

बाराला वीस मिनिटं कमी.
पहिल्या चौकोनात सिव्हिल.
दुसऱ्यात कॉम्प्युटर. काकीसाठी नाही,
भीती मलाही वाटते.
बाकीचे सहा भरभर, कसेही.
बटण दाबलं. चाक फिरलं स्क्रीनवर,
फिरतच राहिलं. आमच्या गावात नेट असंच.

बाबा दारात उभे होते केव्हाचे.
काय भरलंस, असं विचारलं नाही.
म्हणाले, "गळती किती निघाली?"
"मिनिटाला सात घागरी."
त्यांनी नखातलं ग्रीस काडीने कोरलं, जरा वेळ.
"मट्टी आता मिळत नाही सहज," म्हणाले,
"उद्या सकाळी बघू या."